मोठ्या गुंतवणूकदारांकडून काय शिकावं, काय सोडावं: गावाकडून येणारे प्रश्न

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात डीमॅट खातं, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कापसाचा चुकारा खात्यात पडला की पानठेल्यावर बियाण्याइतकीच शेअरची चर्चा रंगते. मुंबईचे झुनझुनवाला, अमेरिकेचे बफे, डीमार्टचे दमानी ही नावं दहावीच्या पोरांनाही पाठ आहेत. त्या चर्चांमधून, एसटीतल्या गप्पांमधून आणि फोनवरून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतो आहे.

मी कोरडवाहू कास्तकार आहे. बरीच वर्षं शेअर बाजाराचा अभ्यास करतो आणि त्यात स्वतःचे पैसेही लावतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदणी असलेला सल्लागार मात्र मी नाही. त्यामुळे अमुक शेअर घ्या, तमुक विका, असं इथे काही सापडणार नाही. कंपन्यांची नावं आली आहेत ती उदाहरणापुरती.

भाऊ, झुनझुनवालांनी घेतलेला शेअर आपणही घेतला तर बिघडतं कुठे?

शेजाऱ्याच्या विहिरीला बारमाही पाणी आहे, म्हणून तो संत्रा लावतो. त्याचं पाहून आपण कोरडवाहूत संत्रा लावला, तर कलम तेच, माती तीच, तरी बाग वाळते. शेअरचंही तसंच आहे. शेअर एकच असतो, पण त्यामागे उभं राहणारं पाणी वेगळं असतं.

राकेश झुनझुनवालांनी 1985 मध्ये पाच हजार रुपयांवर सुरुवात केली, तेव्हा सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक, 150 च्या आसपास होता. ही गोष्ट सगळे सांगतात. पण ते सनदी लेखापाल होते, मुंबईत राहत होते, ताळेबंद वाचणं हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता आणि पूर्ण वेळ त्यांनी बाजारालाच दिला, हा भाग गोष्टीतून गळतो. पुढे त्यांच्याकडे शेकडो कोटींच्या कंपन्या आल्या. त्यातली एखादी पार बुडाली तरी त्यांच्या घरची चूल विझणार नव्हती.

आणि बुडाल्याही. दिवाण हाउसिंग फायनान्स या कंपनीत त्यांचा हिस्सा होता. नोव्हेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत 2021 मध्ये कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि जुन्या भागधारकांच्या हाती शून्य आलं. झुनझुनवालांच्या एकूण संपत्तीत तो एक ओरखडा होता. ज्यांनी त्यांचं नाव पाहून मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे लावले असतील, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा.

पण त्यांनी काय घेतलं ते तर जाहीर होतं. लगेच घेतलं तर?

जाहीर होतं, पण कधी, ते नीट समजून घ्या.

शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी दर तिमाहीला आपल्या भागधारकांचा तपशील देते. त्यात एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या बाहेरच्या गुंतवणूकदारांची नावं असतात. तिमाही संपल्यावर हा तपशील द्यायला कंपनीला 21 दिवसांची मुदत असते. आता समजा, एखाद्या मोठ्या माणसाने 5 एप्रिलला खरेदी सुरू केली. तिमाही संपणार 30 जूनला. तपशील येणार 21 जुलैपर्यंत. यूट्यूबवाला त्याचा व्हिडिओ टाकणार 22 जुलैला आणि तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणार त्यानंतर. म्हणजे साडेतीन महिने उलटून गेले. तेवढ्यात भाव कुठल्या कुठे गेलेला असतो. वर त्या व्हिडिओमुळे आणखी हजारो लोक त्याच दिवशी खरेदीला धावतात आणि भाव फुगतो.

मोठे व्यवहार लवकर कळतात, हे खरं. एका दिवसात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअरची उलाढाल एकाने केली तर ती त्याच संध्याकाळी जाहीर होते. हिस्सा पाच टक्क्यांवर गेला तर दोन कामकाजी दिवसांत कळवावं लागतं. पण विक्रीच्या बाबतीत मोठी अडचण आहे. यादीतून नाव गेलं याचा अर्थ हिस्सा एक टक्क्याखाली आला, एवढाच. सगळे शेअर विकले की थोडे, का विकले, पैसे दुसरीकडे हवे होते की कंपनीवरचा विश्वास उडाला, यातलं काहीच त्या कागदावर लिहिलेलं नसतं. खरेदी त्याच्या भरवशावर केली, तर विक्रीच्या दिवशी तो तुम्हाला फोन करणार नाही.

मग त्यांच्याकडून शिकायचं तरी काय?

विचार करायची रीत. नाव घेऊ नका, रीत घ्या.

टायटनचं उदाहरण बघा. झुनझुनवालांनी टायटन घेतला 2002-03 च्या सुमारास. त्या वेळी टाटांची ही घड्याळ कंपनी अडचणीत होती आणि तनिष्कच्या दागिन्यांचा धंदा लोकांच्या अंगवळणी पडायचा होता. त्यांनी पाहिलं ते असं: देशात दागिन्यांची बहुतेक खरेदी गल्लीतल्या सराफाकडे होते, शुद्धतेबद्दल लोकांच्या मनात शंका असते, आणि टाटांच्या नावाने शुद्ध सोनं देणारी दुकानं निघाली तर गिऱ्हाईक तिकडे वळेल. हा विचार खरा ठरायला अनेक वर्षं गेली. मध्ये 2008 ची मंदी येऊन गेली. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांचं निधन झालं तेव्हाही टायटन त्यांच्या सर्वांत मोठ्या गुंतवणुकींपैकी एक होता.

यातून घेण्यासारखं आहे ते म्हणजे त्यांच्याकडे खरेदीचं कारण होतं, आणि ते दोन-तीन वाक्यांत सांगता येण्याजोगं होतं. आपण शेअर घेतो तेव्हा कारण काय असतं? ‘वर चालला आहे’ हे कारण नव्हे. माझा आग्रह असतो की घेण्याआधी वहीत तारीख टाकून चार ओळी लिहाव्यात: ही कंपनी काय विकते, गिऱ्हाईक तिच्याकडेच का येतं, पुढच्या पाच वर्षांत विक्री का वाढेल, आणि काय घडलं तर मी हा शेअर विकीन. चार ओळी लिहिता आल्या नाहीत तर पैसे खात्यातच राहू द्यावेत. सहा महिन्यांनी भाव पडला की तीच वही उघडायची. कारण शाबूत असेल तर भावाला घाबरायचं नाही. कारणच मोडलं असेल तर भाव वर असला तरी निघायचं.

दमानींकडून घेण्यासारखी गोष्ट वेगळी. डीमार्टचं पहिलं दुकान 2002 मध्ये पवईत उघडलं आणि कंपनीचा शेअर बाजारात आला थेट मार्च 2017 मध्ये. मधली पंधरा वर्षं ते दुकानं वाढवत राहिले, तीही शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत, म्हणजे भाड्याचा बोजा नको. मोठं होण्याची घाई त्यांनी केली नाही. कंपनी निवडताना मालकाचा हा स्वभाव पाहायचा असतो.

‘जो धंदा कळतो त्यातच पैसे लावा’ म्हणतात. आम्हाला शेती कळते. मग बियाणं, ठिबक, ट्रॅक्टरवाल्या कंपन्या घ्याव्यात का?

हा मला सर्वांत आवडणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

हा विचार पीटर लिंच यांच्या नावावर ओळखला जातो. अमेरिकेतला मॅजेलान फंड त्यांनी 1977 ते 1990 सांभाळला आणि वर्षाला सरासरी 29 टक्क्यांच्या आसपास परतावा दिला. रोजच्या वापरातल्या वस्तू, बाजारपेठेतली गर्दी, बायको कुठल्या दुकानात जाते, यावरून ते कंपन्या हेरत. पण लोक त्यांचं अर्धंच वाक्य घेऊन पळतात. लिंच यांच्या लेखी ओळखीची वस्तू ही सुरुवात होती. त्यानंतर कंपनीचे हिशेब तपासायचं काम होतंच.

आता आपल्याकडचं बघू. मृगाच्या आधी कृषी केंद्रात कपाशीचं कोणतं वाण ब्लॅकने विकलं जातं, कुठल्या वाणाला बोंडं भरली आणि कुठल्याची पाटी कोरी राहिली, हे तुम्हाला मुंबईतल्या विश्लेषकापेक्षा आधी कळतं. ही ताकद खरी आहे, तिला कमी लेखू नका. पण एक गोष्ट पाकिटावरच छापलेली असते, आणि तिच्याकडे आपण गुंतवणूकदार म्हणून पाहत नाही: किंमत. कपाशीच्या बीटी बियाण्याचा कमाल भाव केंद्र सरकार दरवर्षी ठरवून देतं. बीजी-2 या बीटी बियाण्याच्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला 2024 च्या हंगामात 864 रुपये होते, 2025 मध्ये 901. वाण कितीही गाजलं तरी कंपनीला त्यावर भाव लावता येत नाही. काळ्या बाजारात जास्तीचे पैसे जातात ते मधल्याच्या खिशात. कंपनीच्या ताळेबंदात त्यातला रुपया दिसत नाही. म्हणजे शेतात जे वाण पहिल्या नंबरावर आहे, त्याच्या कंपनीचा नफा त्या प्रमाणात वाढेलच, असं नाही. शिवाय एका वर्षी पाऊस लांबला किंवा 2017 सारखी गुलाबी बोंडअळी आली की पुढच्या वर्षी पेराच सोयाबीनकडे वळतो.

दुसरं उदाहरण ठिबकाचं. जळगावच्या जैन इरिगेशनचं नाव महाराष्ट्रातल्या कुठल्या कास्तकाराला माहीत नाही? माल चांगला, वर्षानुवर्षं टिकणारा. तरी कर्जाच्या ओझ्याखाली 2019 मध्ये कंपनी परतफेडीत अडकली आणि शेअर एक आकडी भावापर्यंत उतरला. ठिबकावर सरकारी अनुदान असतं, ते पैसे यायला वेळ लागतो, तोवर कंपनीचं भांडवल अडकून राहतं आणि व्याज मात्र चालू राहतं. अनुदानाची वाट पाहण्याचा त्रास आपण स्वतः सोसलेला असतो. तोच त्रास विकणाऱ्यालाही होत असेल, हे शेअर घेताना सुचायला हवं.

म्हणून शेतीतली ओळख वापरा, जरूर वापरा. शेतातून प्रश्न उचला आणि उत्तर ताळेबंदात शोधा. आणखी एक धोका लक्षात ठेवा: तुमचं उत्पन्न आधीच पावसावर अवलंबून आहे. बचतही सगळी बियाणं, खत, ट्रॅक्टरच्या शेअरमध्ये टाकली तर दुष्काळाच्या वर्षी शेत आणि शेअर दोन्ही एकाच वेळी बसतील. दहा रुपयांतले दोन-तीन तिकडे ठीक आहेत. बाकीचे पावसाशी संबंध नसलेल्या धंद्यांत असावेत.

एवढी मोठी माणसं, त्यांचं काही चुकतं का?

चुकतं, आणि त्यातले चांगले ते उघडपणे सांगतात. वॉरन बफे यांच्या कंपनीचं नाव बर्कशायर हॅथवे. मुळात ती कापडगिरणी. 1965 मध्ये त्यांनी तिचा ताबा घेतला. गिरणी स्वस्त मिळाली होती, पण धंदाच उतरणीला लागलेला होता. चांगला व्यवस्थापक नेमला, यंत्रांवर पैसा घातला, तरी वीस वर्षं झुंजून 1985 मध्ये त्यांनी कापडाचं काम बंद केलं. ही खरेदी आपली मोठी चूक होती, असं ते पुढे अनेकदा म्हणाले. 1993 मध्ये त्यांनी डेक्स्टर ही बूट बनवणारी कंपनी 433 दशलक्ष डॉलरला घेतली, तीही रोख न देता बर्कशायरचे शेअर देऊन. थोड्याच वर्षांत स्वस्त आयात मालापुढे ती टिकली नाही. हा आपला सर्वांत वाईट सौदा, असं त्यांनी भागधारकांना लिहून कळवलं.

कापडगिरणीची गोष्ट आपल्याला परकी वाटू नये. जमशेटजी टाटांनी नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली ती वऱ्हाडचा कापूस जवळ आहे म्हणूनच. टाटांच्या पुढच्या साम्राज्याचा पाया या गिरणीच्या नफ्याने भरला. तीच गिरणी शंभर वर्षांनी तोट्यात गेली, सरकारी महामंडळाकडे आली आणि अखेर 2002 मध्ये बंद पडली. पुलगावची गिरणीही राहिली नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला गिरणीची नोकरी म्हणजे जन्माची चिंता मिटली असं वाटायचं.

यातून दोन गोष्टी मी पक्क्या धरल्या आहेत. मालक कितीही हुशार असो, धंदाच आटत चालला असेल तर हुशारी वाया जाते. आणि ‘घ्या आणि विसरून जा’ हे कुणीही सांगितलं तरी ऐकायचं नाही. घ्या, पण वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

पीककर्ज शून्य टक्क्याने मिळतं. ते सहा महिने शेअरमध्ये फिरवलं तर?

नाही. या उत्तरात माझ्याकडून कधीच सूट मिळणार नाही.

तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं, हे बरोबर आहे. पण त्यातला ‘मुदतीत फेडलं तर’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. शेअरला तुमच्या बँकेची मुदत माहीत नसते. मुदतीच्या महिन्यातच बाजार पडला तर तुम्ही तोट्यात विकाल, किंवा कर्ज थकवाल. थकलं की सवलत गेली, व्याज लागलं आणि पुढच्या हंगामाचं कर्ज अडलं. मग खतासाठी सावकाराच्या दारात उभं राहावं लागतं. आपल्या जिल्ह्यात कर्जाने किती घरं उद्ध्वस्त केली आहेत हे मी नव्याने सांगायला नको. बफे आयुष्यभर एकच गोष्ट बजावत आले आहेत, की उसन्या पैशावर शेअर घेऊ नका. इतरांचं काही नाही घेतलं तरी चालेल, एवढं घ्या.

मग कोणते पैसे लावायचे आणि कधी?

पगारदार माणसाला दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकता येते. आपल्याकडे पैसा येतो दिवाळीत सोयाबीनचा, संक्रांतीच्या आगेमागे कापसाचा, त्यानंतर तुरीचा. संत्रावाल्यांचा बहारानुसार. आला की देणी उभीच असतात.

माझा क्रम असा आहे: आधी कृषी केंद्राची उधारी आणि कर्ज. मग पुढच्या खरिपाचा खर्च बाजूला. त्यानंतर एक पूर्ण वर्ष पीक गेलं तरी घर चालेल एवढी रक्कम बँकेत ठेव म्हणून. आरोग्य विमा. एवढं करून जे उरेल आणि पाच-सात वर्षं लागणार नाही, ते शेअरसाठी. बऱ्याच घरांत पहिली काही वर्षं काहीच उरणार नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्या काळात फुकट होणारी गोष्ट म्हणजे अभ्यास. तो चालू ठेवा.

चुकाऱ्याची रक्कम एकदम टाकण्याऐवजी बँकेत ठेवून दहा-बारा महिन्यांत विभागून टाकली तर एकाच भावाला सगळी खरेदी होत नाही.

बाजार पडला की बफेसारखं खरेदीला उतरायचं ना?

पडझडीत विकत घ्यायचं हे तत्त्व बरोबर आहे, पण किती काळ थांबावं लागेल हे आधी कुणालाच कळत नाही. 2020 मध्ये जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांवर होता. 23 मार्चला एका दिवसात 13 टक्के कोसळून 26 हजारांखाली आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी 47 हजारांवर पोचला. हे पाहून नव्या पोरांना वाटतं, पडझड म्हणजे सहा-आठ महिन्यांचा खेळ. पण 2008 च्या जानेवारीत 21 हजारांवर असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8 हजारांपर्यंत उतरला होता आणि परत 21 हजार दिसायला 2010 ची दिवाळी उजाडली. जवळपास तीन वर्षं. मध्ये एखादा हंगाम बुडाला असता तर किती जणांना थांबता आलं असतं?

बफेंची त्या काळातली खरेदीही नीट पाहा. सप्टेंबर 2008 मध्ये त्यांनी गोल्डमन सॅक्स या बँकेत पाच अब्ज डॉलर घातले. पण ते साध्या शेअरमध्ये नव्हते. दरसाल दहा टक्के हमखास लाभांश देणारे खास शेअर त्यांना मिळाले, आणि पुढे ठरलेल्या भावाने साधे शेअर घ्यायचा हक्कही. अशा अटी आपल्याला कुणी देणार नाही. आणि 2020 मध्ये तर त्यांनी विमान कंपन्यांचे सगळे शेअर तोट्यात विकून टाकले, कारण ज्या कारणासाठी घेतले होते तेच उरलं नाही, असं त्यांना वाटलं.

आमच्या गावचा पोरगा ऑप्शनमध्ये रोज हजार-दोन हजार काढतो. ते खोटं आहे का?

ऑप्शन म्हणजे भाव वर जाईल की खाली, यावरचा मुदतीचा सौदा. काही दिवस ते खरंही असेल. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये मोठा अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात होते, आणि खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास. त्यानंतरच्या 2024-25 या वर्षातही 91 टक्के तोट्यातच राहिले. दोन लाख म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी घरांचं वर्षाचं उत्पन्न. त्या पोराला रागावू नका, त्याच्या मागे बसून त्याचं ब्रोकरचं वर्षभराचं नफा-तोटा पत्रक उघडायला लावा. रोजच्या स्क्रीनशॉटपेक्षा ते जास्त बोलतं.

सोयाबीनचा भाव आम्हाला कळतो. त्याच्या वायद्यात उतरू का?

डिसेंबर 2021 मध्ये सेबीने सोयाबीन आणि हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेच्या भावाचे सौदे, थांबवले आणि त्याची मुदत नंतर वाढत गेली. तसंही ज्याच्या घरात माल पडून आहे त्याने त्याच मालाच्या तेजीवर आणखी पैसे लावणं म्हणजे जोखीम दुप्पट करणं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मोठ्या गुंतवणूकदाराचा व्हिडिओ येतो, ‘या ग्रुपमध्ये या’ म्हणतो. खरा असतो का?

खोटा समजूनच चाला. चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवता येतो. एप्रिल 2024 मध्ये एनएसई या शेअर बाजाराने स्वतःच्याच प्रमुखाच्या बनावट व्हिडिओंबद्दल जाहीर इशारा दिला होता.

या ग्रुपची रीत सगळीकडे सारखीच असते. आधी फुकट टिप, मग ‘सर’ची स्तुती करणारे पन्नास मेसेज, मग एक वेगळं अ‍ॅप डाउनलोड करायला लावतात. त्या अ‍ॅपमध्ये तुमचे पन्नास हजार आठवड्यात लाख झालेले दिसतात. काढायला गेलात की ‘आधी कर भरा’ म्हणून आणखी पैसे मागतात. शेअर खरे असतील तर ते तुमच्या डीमॅटमध्ये, म्हणजे शेअरची नोंद ठेवणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांच्या नोंदीत दिसलेच पाहिजेत. तिथे नसतील तर ते कुठेच नाहीत.

सल्ला देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा ‘आयएनएच’ने. नुसता क्रमांक ऐकून थांबू नका, सेबीच्या संकेतस्थळावर नावासकट जुळवून पाहा. हमखास परताव्याचं आश्वासन देण्याची परवानगी यांच्यापैकी कुणालाही नाही. पैसे गेलेच तर लाज बाळगू नका, त्याच तासात सायबर फसवणुकीच्या तक्रारीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

कंपनीच्या वार्षिक अहवालात नेमकं काय बघायचं? दोन-तीनशे पानं असतात.

सगळी वाचायची गरज नाही. मी या क्रमाने जातो: नफ्याचा आकडा आणि धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड शेजारी शेजारी ठेवतो, निदान पाच वर्षांची. नफा दरवर्षी वाढतो आहे पण रोकड येत नाही, असं दिसलं तर माल उधारीवर जातो आहे किंवा हिशेबात काही तरी आहे. मग कर्ज किती आणि त्यावरचं व्याज नफ्याच्या मानाने किती. मग प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांनी, स्वतःचे शेअर गहाण टाकलेत का. लेखापरीक्षकाने काही शेरा मारलाय का, किंवा तो मध्येच सोडून गेलाय का. शेवटी नातेवाइकांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार. यातल्या दोन ठिकाणी पाल चुकचुकली की मी ती कंपनी सोडतो. बाजारात हजारो कंपन्या आहेत.

एवढं करायला वेळच नाही.

मग इंडेक्स फंड. निफ्टी 50 मध्ये देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्या असतात आणि फंड त्या सगळ्या त्याच प्रमाणात घेतो. पाचशे रुपयांपासूनही सुरुवात होते, खर्च अगदी कमी.

हा काही नाइलाजाचा मार्ग नाही. आपल्या माघारी पत्नीसाठी ठेवायच्या रकमेपैकी 90 टक्के इंडेक्स फंडात ठेवा, अशी सूचना खुद्द बफेंनी विश्वस्ताला दिली आहे. 2008 ते 2017 या दहा वर्षांसाठी त्यांनी पैजही लावली होती. एका बाजूला अमेरिकेचा साधा इंडेक्स फंड, दुसऱ्या बाजूला तज्ज्ञांनी निवडलेले, अनेक हेज फंडांत, म्हणजे श्रीमंतांचे पैसे सांभाळणाऱ्या महागड्या फंडांत, पैसे लावणारे पाच फंड. इंडेक्स फंडाने एकूण सुमारे 126 टक्के दिले आणि पाचही जण मागे पडले. इंडेक्स फंडही बाजाराबरोबर पडतो, एवढं मात्र ध्यानात असू द्या.

ताईंचा प्रश्न: बचत गटाची शिल्लक शेअरमध्ये टाकावी का?

नको. तो पैसा गटातल्या बाईला दवाखान्यासाठी, शाळेच्या फीसाठी लगेच उपलब्ध असायला हवा. कुणाला स्वतःच्या नावाने करायचं असेल तर तिने स्वतःचं खातं काढावं. मूळ सेवा डीमॅट खात्याला चार लाखांपर्यंतच्या शेअरवर वार्षिक शुल्क लागत नाही. आणि फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती देऊन नाही, व्यवहार स्वतः करावा. गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा एका कंपनीचा अहवाल मिळून वाचला तर फार चांगलं.

शेतकऱ्याला शेअरच्या नफ्यावर कर लागतो का?

लागतो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, शेअरचा नफा शेतीचा नाही. 23 जुलै 2024 पासून वर्षभराहून जास्त काळ ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाच्या पुढे, 12.5 टक्के कर आहे. वर्षाच्या आत विकले तर 20 टक्के.

इंग्रजी जमत नाही. वाचायला सुरुवात कुठून करू?

सेबीची आर्थिक शिक्षणाची पुस्तिका मराठीत फुकट मिळते, पहिल्यांदा ती. बफेंची 1977 पासूनची भागधारकांना लिहिलेली पत्रं बर्कशायरच्या संकेतस्थळावर खुली आहेत. इंग्रजीत असली तरी भाषा साधी आहे आणि मोबाइलवर भाषांतर करून कामापुरती समजतात. सगळ्यात जुनी आधी वाचा, कारण तेव्हा ते आजच्याइतके मोठे नव्हते आणि कापडगिरणीचा तोटा वर्षावर्षाला कसा दिसत गेला हे त्यात सापडतं. ज्या कंपनीत रस आहे तिचे अहवाल बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाने मिळतात. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. आकडे तुम्ही वाचा, इंग्रजी त्याला वाचू द्या.